पेटी : साथीची आणि एकट्याची

गेल्या वर्षाच्या स्नेहसंमेलनापूर्वीं पंधरा दिवस इयत्ता नववींतील एक विद्यार्थी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. मुलगा सुदुंबऱ्याचा. घरीं आजोबांच्या वेळची पेटी आहे, गांवच्या भजनांत तो लहानपणापासून साथीला बसतो, आणि शाळेच्या प्रार्थनेलाहि दोन वर्षें तोच पेटी वाजवीत आला आहे. बराच वेळ चुळबूळ करून तो म्हणाला, "सर, संमेलनांत मला दहा मिनिटें एकट्यानें पेटी वाजवूं द्याल का?"

मीं हंसून उत्तर दिलें, "अरे, पेटी हें साथीचें वाद्य. गाणार कोण?"

"गाणारा कोणी नाहीं, सर. पेटीच गाईल."

कार्यक्रमपत्रिका भरलेली होती. नाच होते, एकांकिका होती, पाहुण्यांचें भाषण होतें. मीं त्याला नाहीं म्हटलें. संमेलनाच्या दिवशीं त्यानें नेहमींप्रमाणें पडद्याच्या कडेला बसून स्वागतगीताला सूर धरला आणि कार्यक्रम संपल्यावर पेटीचा भाता बंद करून तो मुकाट्यानें निघून गेला. त्यानें तक्रार केली नाहीं. परंतु त्याचें तें एक वाक्य माझ्या मनांतून गेलें नाहीं. आपण दिलेला नकार योग्य होता काय, हा प्रश्न मीं वर्षभर स्वतःस विचारीत आलों आहें, आणि आज तोच प्रश्न या वार्षिकाच्या वाचकांपुढें, म्हणजे विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें, मांडीत आहें.

पहिली गोष्ट ही कीं, एकट्यानें मैफल करण्याची रीति आपण समजतों तितकी सनातन नाहीं. ज्या युरोपांत पियानोवादक आज दोन दोन तास एकटा रंगमंचावर बसतो, तेथेंहि दोनशें वर्षांपूर्वीं असें कोणी करीत नसे. जलसा म्हटला म्हणजे त्यांत एक गायिका असावयाची, वाद्यवृंद असावयाचा, एखादा व्हायोलिनवाला असावयाचा, आणि मध्यें केव्हां तरी पियानोची पाळी यावयाची. फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन वादकानें ही चाल मोडली. १८४० सालीं लंडनमध्यें त्यानें आपल्या कार्यक्रमाच्या जाहिरातींत 'रिसायटल' हा शब्द वापरला, तेव्हां पियानोवर 'पठण' कसें करतात म्हणून लोकांना नवल वाटलें. आज तोच शब्द जगभर रूढ आहे. या लिस्टला कीर्ति आणि द्रव्य दोन्हीं भरपूर मिळालीं. परंतु वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं, १८४७ सालीं, त्यानें पैशासाठीं मैफली करणें सोडून दिलें आणि पुढील आयुष्य रचना करण्यांत व शिष्य घडविण्यांत घालविलें.

लिस्टपेक्षांहि मला क्लारा शुमान या बाईंचें उदाहरण अधिक बोधप्रद वाटतें. १८२८ सालीं, वयाच्या नवव्या वर्षीं, लाइपझिग शहरांत त्या प्रथम लोकांसमोर बसल्या; आणि त्यांचा शेवटचा जाहीर कार्यक्रम १८९१ सालीं झाला. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ! मध्यंतरीं पतीचें दीर्घ आजारपण आणि अकालीं मृत्यु आला, मुलांचा सारा भार एकटीवर पडला, तरी बोटें थांबलीं नाहींत. पुढें स्वरलिपीचा कागद न ठेवतां पाठ वाजविण्याची जी प्रथा पियानोवादकांत रूढ झाली, ती पाडणाऱ्यांत त्या अग्रभागीं होत्या. पण याच बाई योआखिम या व्हायोलिनवादकाबरोबर वर्षानुवर्षें बसल्या, गायकांबरोबरहि बसल्या. दुसऱ्याच्या सुराला जागा देणें आणि एकट्यानें सभा जिंकणें, हीं दोन कामें त्यांनीं परस्परविरोधी मानलीं नाहींत. माझ्या विषयाचें मर्म येथेंच आहे.

आतां आपल्या पेटीकडे वळूं. हार्मोनियम मूळची पॅरिसची. देबें नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं तिचें पेटंट घेतलें. ती पायानें भाता मारण्याची होती. मिशनरी लोकांनीं ती आपल्या देवळांतून वाजविली, आणि पुढें कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं हातानें भाता मारावयाची, जमिनीवर बसून वाजवावयाची सुटसुटीत पेटी तयार केली. महाराष्ट्रांत ती कीर्तनांत गेली, भजनांत गेली, नाटकमंडळ्यांत गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती उपासनेंत देशी चालींचीं भजनें आणलीं, तेव्हां तींहि पेटीवर म्हटलीं जाऊं लागलीं. अशा रीतीनें एक परदेशी वाद्य दोन तीन पिढ्यांत इतकें घरचें झालें कीं, तें बाहेरचें आहे याची आठवणहि उरली नाहीं. मात्र सर्वत्र त्याचें काम एकच राहिलें : गाणाऱ्याच्या मागें बसावें, त्याचा सूर सांभाळावा, आणि त्यानें श्वास घेतला कीं ती पोकळी भरून काढावी.

या वाद्याला स्वतंत्र मैफलीचा मान मिळवून देणाऱ्यांत गोविंदराव टेंबे यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. १८८१ सालीं जन्मलेले गोविंदराव कोल्हापुरांत वाढले. तेथील देवल क्लबमध्यें थोर थोर गवयांचें गाणें त्यांच्या कानांवर पडलें, आणि बरेंचसें शिक्षण त्यांनीं कानांनींच मिळविलें. भास्करबुवा बखले यांना ते गुरुस्थानीं मानीत, आणि त्यांच्या मागें पेटी घेऊन त्यांनीं साथ केली. अल्लादियाखांसाहेबांच्या गायकीचा संस्कारहि त्यांच्या बोटांत उतरला. १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्याच. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हां बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर ते तिचे एक मालक होते. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत ते स्वतः हरिश्चंद्र झाले आणि संगीतहि त्यांनींच दिलें. १९५५ सालीं ते निवर्तले.

इतका बहुरंगी मनुष्य. परंतु आपल्या विषयापुरती त्यांच्या चरित्रांतील एकच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ते एकदम पुढें येऊन बसले नाहींत. आधीं ते मागें बसले. भास्करबुवांसारखा गवई एखादी तान कोठून उचलतो, समेवर कसा येतो, कोणता स्वर नुसता स्पर्शून सोडतो, हें हातभर अंतरावरून, बोटें पट्ट्यांवर ठेवून त्यांनीं ऐकलें. साथ करणाऱ्याला नुसतें ऐकून चालत नाहीं; ऐकलेलें त्याच क्षणीं हातांतून निघावें लागतें. अशी वर्षें गेल्यावर ज्या दिवशीं गवई पुढें नव्हता, त्या दिवशींहि गाणें बोटांत होतेंच. एकट्याची मैफल ही साथीच्याच झाडाला आलेलें फळ होय.

आतां आक्षेपांचा विचार करूं. कारण ते क्षुल्लक नाहींत. पेटीवर एका सप्तकांत बारा सूर ठरलेले. दोन पट्ट्यांच्या मध्यें कांहीं नाहीं. गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, ती मींड पेटीवर येत नाहीं. रागारागांतून स्वर किंचित् चढे-उतरे लागतात, तेंहि तिला साधत नाहीं. या कारणास्तव १९४० सालच्या मार्चपासून नभोवाणीनें पेटीला बंदी केली. रवींद्रनाथ ठाकुरांसारखा थोर पुरुष त्या बंदीच्या बाजूचा होता. १९७१ सालीं साथीपुरती ती शिथिल झाली, तरी स्वतंत्र वादनाला दार पुढेंहि पुष्कळ वर्षें बंदच राहिलें. म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याला मीं जें उत्तर दिलें, तेंच उत्तर सबंध देशाच्या नभोवाणीनें पेटीवाल्यांना दिलें होतें : साथ कर, एकटा बसूं नकोस.

या आक्षेपांना दोन प्रकारांनीं उत्तर देण्यांत आलें. कांहींनीं वाद्यच सुधारावयास घेतलें. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं श्रुतींचा अभ्यास करून क्लेमंट्स साहेबांच्या सहकार्यानें श्रुतींची पेटी करविली. मनोहर चिमोटे यांनीं पेटीला स्वरमंडळाची जोड दिली, तिला 'संवादिनी' असें सुंदर नांव दिलें, आणि आयुष्यभर तिचें एकलवादन केलें. आमच्या काळांत ठाण्याचे डॉक्टर विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. दुसऱ्यांनीं वाद्य तेंच ठेवून हात सुधारला. पी. मधुकर यांच्या पेटीच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर, गोमंतकांतील बोरीचे, १९३४ सालीं जन्मलेले, यांनीं थोर गायकांची साथ करतां करतां एकलवादनहि जोपासलें. २०१६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं ते वारले. जालन्याकडचे आप्पा जळगांवकर भीमसेन जोशी यांच्यासारख्यांच्या मागें बसले आणि एकटेहि वाजवीत. ज्या वाद्याला 'तुला एवढें येत नाहीं' असें बजावण्यांत आलें, त्या वाद्यावर या मंडळींनीं काय येतें तें दाखविलें.

तें कसें, हें थोडें खुलासेवार सांगतों, कारण विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग होईल. पियानोचा स्वर हातोडी तारेवर पडतांच उमटतो आणि लगेच विरूं लागतो. पेटीचा स्वर भात्यांत हवा आहे तोंवर टिकतो. म्हणून पियानोवादकाचे दोन्ही हात स्वरांसाठीं मोकळे. आपल्या पेटीवाल्याचा उजवा हात गातो आणि डावा हात श्वास घेतो. नवशिका भाता एकसारखा रेटतो, म्हणून त्याची पेटी ओरडते. जाणता वादक वाक्याच्या आरंभीं भाता हळू दाबतो, मध्यें भरतो, आणि शेवटचा स्वर सोडतांना हवा आवरती घेतो. मग तोच स्वर माणसाच्या गळ्यासारखा वाटूं लागतो. मींड येत नाहीं, तर तो शेजारच्या स्वराचा निसटता कण लावून कानाला मींडेचा भास देतो. ज्या रागाचा प्राणच आंदोलनांत आहे, तो राग तो सहसा निवडीत नाहीं. सावकाश बंदिशीनें आरंभ करावा, आलापांत पसारा न मांडतां रागाचें रूप उभें करावें, मग द्रुत लयींत बोटांची सफाई दाखवावी, आणि शेवटीं एखादें नाट्यपद किंवा भैरवी घेऊन उठावें, अशी ही मांडणी. आपल्या वाद्याची उणीव ओळखून तिच्या अलीकडे राहणें आणि जें तें उत्तम करतें तें पूर्णपणें करणें, यालाच मी प्रामाणिकपणा म्हणतों. अभ्यासांतहि हाच नियम आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. एकट्याच्या मैफलींतहि वादक खरोखर एकटा नसतोच. मागें तंबोरा असतो आणि शेजारीं तबला असतो. उलट तबल्याचें एकलवादन असतें, तेव्हां पेटीवाला तास तास एकच लेहरा, एकच ओळ, रेसभर न हलतां वाजवीत बसतो. श्रोते त्याच्याकडे पाहतहि नाहींत. पण तो एका मात्रेनें चुकला तर सारा डोलारा कोसळतो. आज मीं तुझा लेहरा धरतों, उद्यां तूं माझा ठेका धर, असा हा व्यवहार आहे. ज्यानें लेहरा धरला नाहीं, त्याला ठेका मागण्याचा अधिकार काय?

हें लिहितांना मला पुनःपुन्हां सुदुंबऱ्याची आठवण होते, आणि ती केवळ त्या मुलामुळें नव्हे. भंडाऱ्याच्या डोंगराजवळचें तें गांव संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीसाठीं प्रसिद्ध आहे. संताजी हे तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकीं एक. म्हणजे कीर्तनांत मागें उभे राहून टाळ धरणारे, ध्रुपद उचलणारे. त्यांनीं तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. टाळ धरून ऐकलेलें घरीं जाऊन वहींत उतरविणें, हें काम कोणी पाहण्यासारखें नव्हतें. पुढें कित्येक पिढ्यांनंतर वि. ल. भावे यांनीं त्याच जगनाड्यांच्या वह्यांवरून तुकोबांचा गाथा छापला, तेव्हां साथीदाराच्या त्या एकांतांतल्या कामाची थोरवी पंडितांना कळली. कीर्तनांत साथ, आणि घरीं दिव्यापाशीं एकटें बसून केलेलें लेखन : या दोन गोष्टी एकाच माणसांत होत्या. सुदुंबऱ्याच्या मुलाला हें मीं सांगावें असें नाहीं. तें त्याच्या गांवच्या मातींत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आतां तुमच्याशीं दोन शब्द बोलतों. तुमच्यापैकीं पुष्कळांना एकदम पुढें बसावयाचें असतें. दोन महिन्यांत एखाद्या चित्रपटांतलें गाणें भराभर वाजवितां आलें कीं, संमेलनांत जागा मागावयास तुम्ही येतां. मी म्हणतों, आधीं एक वर्ष प्रार्थनेच्या मागें बसा. गाणाराचा श्वास कोठें तुटतो तें ओळखा. लहान मुलें चढ्या पट्टींत सुरू करतात, तेव्हां त्यांना न लाजवितां खालीं कसें आणावें तें शिका. मग एकच राग घ्या आणि तो वर्षभर सोडूं नका. पहिली मैफल रंगमंचावर करूं नका. संध्याकाळीं स्वयंपाक करणाऱ्या आईपुढें करा. तिनें हातांतलें काम क्षणभर थांबविलें, तर समजा कीं गाणें झालें. आणि थांबण्याची वेळ झाली म्हणजे थांबा. लिस्टसारख्याला टाळ्यांचा कडकडाट चालू असतां उठतां आलें, तें आपल्याला दहा मिनिटांपुरतें तरी साधलें पाहिजे.

पालकांसहि माझी विनंति आहे. भजनाला पेटी वाजविणारा मुलगा तुम्हांला आवडतो. परंतु तोच खोलीचें दार लावून एकटा वाजवूं लागला म्हणजे तुमच्या मनांत धाकधूक होते. अभ्यास बुडेल, मुलगा 'पेटीवाला' होईल, पुढें पोटाचें काय? कलेवर पोट भरणें कठीण आहे, हें मी नाकारीत नाहीं, आणि प्रत्येक मुलानें वादक व्हावें असें माझें म्हणणेंहि नाहीं. परंतु मुलाला एकट्यानें सबंध सभेसमोर दहा मिनिटें बसावयास लावणें, हें शिक्षण कोणत्या पुस्तकांतून मिळतें? समूहगानांत चूक झांकली जाते. नाटकांत दुसरा सांवरून घेतो. परीक्षेंत लिहिलेलें खोडतां येतें. एकलवादनांत निघालेला स्वर परत घेतां येत नाहीं. चुकलें तर चूक मान्य करून, न थांबतां, पुढच्या समेवर नीट यावें लागतें. पुढें हा मुलगा कारखान्यांत जावो, शेतींत राहो किंवा कचेरींत बसो. चुकल्यावर न कोसळतां पुन्हां समेवर येण्याची ही संवय त्याला जन्मभर पुरेल. रोज अर्धा तास ही त्याची किंमत फार नाहीं.

शेवटीं एक कबुली दिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाहीं. मीं स्वतः मिशनच्या वसतिगृहांत असतांना पेटी शिकलों आणि वीस वर्षांहून अधिक काळ रविवारच्या उपासनेस ती वाजवीत आलों आहें. या साऱ्या काळांत मीं एकदांहि लोकांसमोर एकट्यानें वाजविलें नाहीं. कोणी मना केलें होतें असें नव्हे. गाणाराच्या आड बसलें म्हणजे आपली चूक कोणाला कळत नाहीं, हें सुख मला सोडवलें नाहीं. त्या मुलाला मीं कार्यक्रमपत्रिका दाखविली, पण खरें कारण पत्रिकेंत नव्हतें. जें मला धैर्य झालें नाहीं, तें चवदा वर्षांचा मुलगा दारांत उभा राहून मागत होता, आणि तें मला सोसलें नाहीं. साथीला मीं नम्रता म्हणत होतों. तिच्यांत थोडी भीतिहि मिसळली होती. साथ ही नम्रतेनें करावी, भीतीनें करूं नये, एवढें तरी मला आतां समजलें आहे.

तो मुलगा यंदा दहावींत आहे. परीक्षा होईपर्यंत पेटी माळ्यावर ठेवण्यांत आल्याचें त्यानें मला सांगितलें. या महिन्यांत एका रविवारीं उपासनेनंतर मी सुदुंबऱ्यास जाणार आहें आणि त्याच्या वडिलांना भेटून रोजचा तो अर्धा तास मागून घेणार आहें. यंदाच्या संमेलनांत दहा मिनिटें एकलवादनास राखून ठेवावीं, अशी विनंति मीं संमेलन समितीस लेखी केली आहे, आणि ती मान्य झाली आहे. ही जागा दर वर्षीं राहावी, आणि ती पेटी, बांसरी, तबला, व्हायोलिन, ज्याला जें वाद्य येईल त्याच्यासाठीं असावी, असें माझें मत आहे. मात्र अट एकच : ज्यानें वर्षभर दुसऱ्या कोणाची तरी साथ केली असेल, त्यालाच ती मिळावी.

तबल्याच्या साथीला कोण बसेल, असें मीं त्याला विचारलें. तबला आठवींतला एक मुलगा धरणार आहे. तंबोऱ्याची जागा रिकामी होती. ती मीं मागून घेतली आहे.